सेकंदाला 120

शेजारच्या आजींनी विचारलं तेव्हा गणपती तोंडावर आले होते. "अगं, तुमच्याकडे रात्री काय घुमत असतं? उशीला डोकं टेकलं की सुरू." आजींनी ऐंशी ओलांडलीये. दोन्ही कानांना यंत्रं आहेत आणि झोपताना त्या ती काढून ठेवतात. यंत्रं काढल्यावर त्यांना दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही, पण हे घुमणं येत होतं. त्यांच्या सुनेला वाटलं, आजींना भास होताहेत. मला ते पटेना. वय झाल्यावर कान जातात ते आधी वरच्या पट्टीत. खर्जातलं ऐकणं बरंच टिकून राहतं. आजींची आणि आमची एक भिंत सामाईक आहे. आमचा फ्रिज दुसऱ्या टोकाला. त्या भिंतीला लागून रात्री चालू असते ती वस्तू एकच, माझा कॉम्प्युटर.

मी दिवाळी अंकांच्या मांडणीचं काम घरून करते. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आत, दोन खोल्यांची जागा. ऑगस्ट उजाडला की पानं यायला लागतात आणि ऑक्टोबरपर्यंत रात्र माझी. लेख रात्रीच येतात, जाहिराती त्याहून उशिरा. कॉम्प्युटरमध्ये दोन मोठ्या हार्ड डिस्क आहेत: एकीवर इतक्या वर्षांचे अंक, रेखाचित्रांचे स्कॅन, मुखपृष्ठं, दुसरीवर त्याचीच नक्कल. "एसएसडी घाला, त्यात फिरणारं काही नसतं, आवाजच नाही," असं मला अनेकांनी सांगितलं. रोजच्या कामासाठी ती आहेच. पण एवढा साठा एसएसडीवर न्यायचा तर खर्च कैक पटींनी वाढतो, आणि दिवाळी अंकाच्या धंद्यात तेवढा पैसा नाही.

स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडलं, ब्लोअर मारून धूळ उडवली आणि मागचा फॅन बदलून दिला. आवाज जागचा हलला नाही. तो म्हणाला, "आता एसएमपीएस बदलून बघू." मला हे 'बदलून बघू' मुळीच आवडत नाही. आजार न ओळखता औषध देण्यातला प्रकार आहे तो, आणि प्रत्येक 'बघू'चे पैसे आपणच भरायचे असतात.

त्यापेक्षा आधी आवाजाचाच आकडा काढायचा ठरवलं. आवाजातल्या कंपनांचा आलेख दाखवणारी ॲप फोनवर फुकट मिळतात. शेवटची लोकल गेल्यावर, पंखा बंद करून, फोन टेबलावर ठेवला. आलेखात एक सुळका सरळ वर गेलेला होता: सेकंदाला 120.

या आकड्याने अर्धं काम केलं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर, चोक, यूपीएस गुणगुणतात ते विजेच्या दुपटीने, म्हणजे 100 वर. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची असल्यामुळे तिकडे विजेची गुणगुण नेमकी 120 वर येते आणि तिच्यात दुसरं काही असलं तर वेगळं ओळखू येत नाही. आपल्याला ती सोय आहे. 120 दिसलं म्हणजे एसएमपीएसमधल्या विजेची गुणगुण सुटली. फॅन म्हणावा तर तो मिनिटाला 1200 फेऱ्यांचा, म्हणजे सेकंदाला 20. पाती सात, त्यामुळे वाऱ्याचा आवाज 140 वर. तोही जुळेना. खात्रीसाठी कॅबिनेटच्या फॅनची पिन थोडा वेळ काढून पाहिली, सुळका तसाच. आणि 120 ला 60 ने गुणलं की येतात 7200. सीगेटने 1992 मध्ये बाराकुडा ही 7200 फेऱ्यांची पहिली हार्ड डिस्क आणली. टेबलावरच्या कॉम्प्युटरमधल्या अनेक डिस्क आजही मिनिटाला तेवढ्याच फिरतात. माझ्या दोन्ही त्यातल्याच.

आवाज एकसारखाही नव्हता. चढायचा, ओसरायचा, पुन्हा चढायचा. त्याचं कारणही डिस्कच्या जोडीतच होतं. दोघींचा वेग कागदावर सारखा असला तरी प्रत्यक्षात केसाएवढा फरक असतो. एक सेकंदाला 120 फिरली आणि दुसरी 119.8, तर दर पाच सेकंदांनी त्यांची कंपनं एकदा एकमेकांना जोर देतात आणि एकदा मारतात. मशीन बंद करून नकलेच्या डिस्कची वायर काढली, पुन्हा चालू केलं. चढउतार गेला, सरळ घूं उरली. माझ्या मते आजींची झोप त्या चढउतारानेच मोडत होती. सलग आवाज कान विसरतो, हलणारा विसरत नाही.

पण डिस्क एवढी बोटभर जाडीची वस्तू. हातात धरली तर जेमतेम गुणगुणते. ती भिंतीपलीकडे कशी पोचत होती? हा प्रश्न सोडवला आमच्या मजल्यावरच्या काकांनी. त्यांची उभी हयात डोंबिवली एमआयडीसीत गेली, मेन्टेनन्स फिटर म्हणून. पंपाचं बेअरिंग गेलंय का हे पाहायला फिटर लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतात, टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवतात आणि मूठ कानापुढच्या हाडावर दाबतात. काकांनी तेच केलं. "आत सर्किटला टोक लागू द्यायचं नाही, फक्त बाहेरच्या पत्र्याला," असं बजावून ते एकेक जागा ऐकत गेले: डिस्कचा खण, तळ, मागचा पत्रा, बाजूचं झाकण. मग मूठ माझ्या कानाला लावून म्हणाले, "आता तू ऐक." खणाला टोक टेकलं तेव्हा स्वच्छ, बारीक घूं. झाकणावर टेकलं तेव्हा भसाडी थरथर. त्यांनी तळहाताने झाकण दाबलं, आवाज पडला. हात काढला, परत आला. "डिस्क सुरुवात करते, बोंबलतं ते झाकण. आणि टेबल ऐकलंस का?"

टेबल सुताराने भिंतीत ठोकून दिलेलं. वर सनमायका, खाली प्लायचं पोकळ कपाट. स्क्रू-ड्रायव्हर प्लायच्या फळीवर टेकवला तर कॅबिनेटपेक्षा तिथेच जास्त घुमत होतं. तंबोऱ्याच्या तारेला भोपळा मिळावा तसं डिस्कला हे कपाट मिळालं होतं, आणि कपाटाचे खिळे थेट आजींच्या भिंतीत. मशीन बंद केलं, कॅबिनेटखाली चार पदरी सतरंजी घातली, पुन्हा चालू केलं. फळीचा आवाज निम्म्याहून खाली गेला. आवाजाची वाट सापडली होती.

एक गोष्ट मात्र मला डाचत होती. आजींना त्रास होण्याइतका आवाज मला रात्र-रात्र शेजारी बसून का जाणवत नव्हता? त्याचं उत्तर खोलीच्या मापात होतं. 120 च्या आवाजाची एक लाट हवेत साधारण 2.9 मीटर लांब, म्हणजे साडेनऊ फूट. आमची खोली जवळजवळ तेवढीच. अशा खोलीत लाट भिंतींमध्ये अडकून उभी राहते: भिंतीशी आवाज जास्तीत जास्त, भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर कमीत कमी, मध्यावर पुन्हा जास्त. टेबलाशी बसलेल्या माणसाचं डोकं भिंतीपासून दोन-अडीच फुटांवरच असतं. मी सगळ्या खोलीतल्या सर्वांत शांत जागी बसून काम करत होते. उठून भिंतीला कान लावला तेव्हा आजी काय सोसत होत्या ते कळलं.

सोसायटीतल्या एका मुलाने फोनवर डेसिबल मोजून सांगितलं, "मावशी, कायद्यात बसतंय." बसत होतंच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. पण ही मोजणी माणसाच्या कानाच्या कलाप्रमाणे खर्जाला कमी माप देते. 120 च्या आसपास तब्बल 16 डेसिबल वजा धरले जातात. शिवाय पलंगातून आणि उशीतून हाडांपर्यंत पोचणारं घुमणं हवेत धरलेल्या मीटरला कुठून कळणार? म्हाताऱ्या माणसाची झोप मोडत असेल तर आकडा मर्यादेत आहे हे उत्तर होऊ शकत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

इलाज काकांनी आणि मी मिळून केला. मला वाटलं होतं, डिस्कच्या स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचे वॉशर घालावेत. काकांनी एक वॉशर चिमटीत दाबून दाखवला. "पाऊण किलोसुद्धा वजन नाही डिस्कचं. त्या वजनाने हे दबतच नाही. जे दबत नाही ते काय अडवणार? आणि स्क्रू रबरातून गेला तरी खाली लोखंडाला टेकतोच." आधार इतका मऊ हवा की त्याची स्वतःची झुलण्याची गती कंपनाच्या गतीपेक्षा खूपच कमी असेल. डिस्कच्या वजनाने आधार पाच मिलिमीटर खाली बसला तर ती गती सेकंदाला साधारण 7 येते. 120 पुढे 7 म्हणजे कंपन पलीकडे जवळजवळ जातच नाही.

कॅबिनेटमध्ये सीडी ड्राइव्हचे दोन खण रिकामे पडले होते. खण 146 मिलिमीटर रुंद, डिस्क 102. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर मोकळे. फडके रोडजवळच्या शिवणसामानाच्या दुकानातून बोटभर रुंद इलॅस्टिक आणलं. खणाच्या भोकांतून ते आडवं ओवलं, पीळ देऊन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फासे केले, एक पुढे, एक मागे, आणि त्यात डिस्क निजवली. बोटाने हलकेच दाबली की खाली जायची आणि वर यायची, पत्र्याला कुठेही न शिवता. वायरींना मुद्दाम ढील ठेवली. ताठ वायरसुद्धा कंपन पोचवते. झाकणाच्या कडेला दाराच्या फटीला लावतात ती फोमची चिकटपट्टी बसवली. कॅबिनेट टेबलावरून उतरवून जमिनीवर ठेवलं. खाली फोम, फोमवर कडाप्पाचा एक जड तुकडा (मिस्त्रीकडे असे पडलेलेच असतात), त्यावर कॅबिनेट.

रात्री फोन त्याच जागी ठेवला. 120 चा सुळका इतर बारीकसारीक आवाजांत मिसळून गेला होता. आजींना मी मुद्दाम काही सांगितलं नाही. काही दिवसांनी त्यांची सून भाजी निवडता निवडता म्हणाली, "आजींचे भास थांबले गं." मी तिला काकांचा स्क्रू-ड्रायव्हर आणून दाखवला आणि सगळं सांगितलं. ते भास नव्हते हे तिला कळायलाच हवं होतं.

या उपायाला राखण लागते. स्क्रूने आवळलेली डिस्क आपली उष्णता पत्र्याला देते. लटकलेलीला फक्त हवा. म्हणून पुढचा फॅन थेट तिच्यावर सोडलाय आणि तापमान रोज पाहते. बहुतेक कंपन्या डिस्कला 60 अंशांपर्यंत मुभा देतात, पण डोंबिवलीचा मे महिना पाहता मी 45 च्या वर जाऊ देत नाही. इलॅस्टिक उष्णतेने सैलावतं, तेव्हा पानं यायला लागण्याआधी ते बदलते. कॅबिनेट हलवायचं झालं तर आधी डिस्क काढून घेते.

ठाण्याला गोखले रोडजवळ माझ्याच धंद्यातली मैत्रीण राहते, मध्यंतरी तिचा फोन आला. तिच्याकडेही असंच घुमत होतं. ती इलॅस्टिक आणायला निघालीच होती. मी म्हटलं, आधी ॲप लाव. सुळका आला 100 वर. म्हणजे डिस्क नव्हे, वीज. शनिवारी जाऊन पाहिलं तर टेबलाखालचा यूपीएस लोखंडी कपाटाला चिकटून बसला होता आणि कपाटाचा अख्खा पत्रा गात होता. यूपीएस चार बोटं पुढे ओढला, खाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे सरकवले. त्या वजनाला ते छान दबले.