बुडणे आणि बुडवणे

'जहाज बुडाले' या वाक्यात जहाज हाच कर्ता. क्रियापद अकर्मक, प्रयोग कर्तरी. व्याकरणाची काही तक्रार नाही. 'बुडवले' म्हणताच मात्र क्रियापद प्रयोजक होते आणि कर्त्याच्या जागी दुसरे कुणीतरी आणून बसवावे लागते. वर्गात हा भेद दहा मिनिटांत शिकवून होतो. एका मालवाहू जहाजाच्या बाबतीत तो ठरायला पाच वर्षे लागली. ती कशी लागली, याचा माग आम्ही दोघांनी जमेल तसा काढला. आमच्यापैकी एक नांदेडला मराठी शिकवतो, दुसरा लातूरला. समुद्र आम्हा दोघांनाही सारखाच दूर.

जहाजाचे नाव 'एम. व्ही. रॅक कॅरियर', ध्वज पनामाचा. इंडोनेशियातून 60,000 टनांहून थोडा अधिक कोळसा भरून ते गुजरातेतील दहेज बंदराकडे निघाले होते. 4 ऑगस्ट 2011 रोजी, भर पावसाळ्यात, मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे 20 सागरी मैलांवर ते बुडाले. अशा जहाजांत माल पोत्यांत नसतो. कोळसा, खनिज, धान्य थेट पोटातल्या खणांत ओतलेले असते. आडतीवर तुरीचा ढीग पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळते. प्रमाण मात्र कळत नाही. त्यासाठी लातूरकरांपाशी एक माप आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी होत्या, पुढे 50 वाघिणींतून एका वेळी 25 लाख लिटर, म्हणजे अडीच हजार टन पाणी येऊ लागले. तशा 24 गाड्यांचा भार या एका जहाजात होता.

जहाजाचा माग काढणे आता पोरखेळ झाले आहे. संगणकाच्या पडद्यावर निळ्या पाण्यात रंगीत बाण सरकत असतात. बाणावर टिचकी मारली की नाव, वेग, पुढचे बंदर समोर येते. जहाजाचे नाव बदलते, ध्वज बदलतो, मालकही बदलतात. बदलत नाही तो त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक. सातबाऱ्यावरची नावे खोडली जातात, गट क्रमांक तोच राहतो, तसे हे. अर्थात पडदा 'कुठे' एवढेच सांगतो; 'का' आणि 'कुणामुळे' हे त्याला ठाऊक नसते. कधी कधी 'कुठे' हेही हुकते. त्याच वर्षी ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले 'पवित' नावाचे तेलवाहू जहाज बुडाले असावे असे धरले गेले होते. ते महिनाभर आपले आपण वाहत 31 जुलैला थेट जुहूच्या वाळूत येऊन बसले. त्यानंतर चारच दिवसांनी 'रॅक' बुडाले.

'रॅक'वरचे तीसही खलाशी वाचवले गेले. जहाजात कोळशाखेरीज सुमारे 290 टन इंधन तेल आणि 50 टन डिझेल होते. त्यातले तेल गळत जुहूच्या आणि रायगडच्या किनाऱ्यांना लागले. 13 ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. कोळ्यांनी दर्याला नारळ वाहायचा, तर तो त्या पाण्यात.

पुढे मुंबईतले पर्यावरण कार्यकर्ते समीर मेहता यांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 23 ऑगस्ट 2016 रोजी निकाल दिला. आम्ही तो एखादी संहिता वाचावी तसा वाचला. मालक कंपन्या एका देशातल्या, ध्वज दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा, तो मागवणारा चौथ्या ठिकाणचा, आणि तेल लागले ते पाचव्याच्याच दारात. अशा रचनेत 'बुडाले' हे क्रियापद सर्वांना सोयीचे. 'अपघात' हा शब्दही त्याच जातीचा. न्यायाधिकरणाने तो स्वीकारला नाही. जहाज समुद्रप्रवासाच्या लायकीचेच नव्हते, त्यात हयगय झाली होती, आणि प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी, या आधारावर डेल्टा समूहातील जहाज कंपन्यांवर 100 कोटी रुपयांची भरपाई बसवली. तळाशी गेलेल्या कोळशापायी तो मागवणाऱ्या अदानी एंटरप्रायझेसवर वेगळे 5 कोटी. हा दुसरा आकडा लहान असला, तरी आमच्या मते निकालातला खरा धीटपणा तिथेच आहे: समुद्रात गेलेला माल हे केवळ व्यापाऱ्याचे नुकसान नव्हे, समुद्रात टाकलेला कचराही आहे, असे त्यात म्हटले गेले. कर्ता सापडला आणि त्याच्यासोबत कर्मही.

तरी साहित्याच्या वाचकाला या कागदांत एक पोकळी जाणवत राहते. तीस खलाशी 'वाचवण्यात आले', इथे त्यांची कहाणी संपते. जहाजात पाणी शिरू लागले तेव्हा प्रथम कुणाच्या लक्षात आले, घरी कोणत्या भाषेत कळवले, पगार मिळाला की नाही? कायद्याला त्याची गरज नव्हती, हे मान्य. पण 'वाचवण्यात आले' या कर्मणी वाक्यात माणसे जेवढी मावली तेवढीच उरली. आपल्या वाङ्मयात कोकण आहे, कोळीवाडे आहेत; मालवाहू जहाजावरचा पगारी खलाशी मात्र फारसा भेटत नाही. तो लिहिणारा कोकणातूनच यावा असे नाही. उदगीर, कंधार, अहमदपूरची मुलेही आता व्यापारी नौदलाची चौकशी करतात.

असो. निकाल लागला त्याच वर्षीचा उन्हाळा लातूरने पाण्याच्या रेल्वेवर काढला. 'मांजरा धरण आटले' हे वाक्य तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. तेही अकर्मक. ऊस, साखर कारखाने, विंधन विहिरी यांची नावे त्या बोलण्यात येत, नाही असे नाही. पण ती करण किंवा अधिकरण म्हणून. 'आटवले' हे क्रियापद आमच्या कानावर क्वचितच पडले.