दिव्यानेही नजर खाली ठेवावी

वळसंगमध्ये डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि शनिवारी आमची शाळा सकाळची असते. म्हणजे फज्रची नमाज आटोपली की अंधारातच सायकल काढायची. हाच तर उसाचा हंगाम. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर आणि त्याला मिळणाऱ्या आमच्या गावरस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर चालू असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, पुढे मोठ्या आवाजात गाणी आणि मागे बऱ्याचदा काहीच नाही. ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दोन दगड ठेवले होते, पण ते दिसायलाही उजेड लागतो. उसाचे शेंडे तोंडाला लागले तेव्हा मी ब्रेक दाबला. त्या वेळी माझ्याकडे उजेड म्हणून मोबाईलचा टॉर्च होता, तोही शर्टाच्या खिशात.

त्याच रविवारी सोलापूरला जाऊन दिवा आणला. दुकानदाराने चार-पाच दाखवले. सगळ्यांच्या खोक्यांवर ल्युमेनचे मोठमोठे आकडे होते. मी सगळ्यात मोठा आकडा असलेला उचलला. मास्तर माणूस, जास्त मार्क म्हणजे हुशार, एवढंच आपलं गणित. रात्री गल्लीत लावून पाहिला तर टोकाच्या कडुनिंबाची पानं मोजता यावीत इतका उजेड. खूप आनंद झाला. आता वाटतं, रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला कडुनिंबाच्या शेंड्याशी काय करायचं असतं?

आठवड्याभरात ते घडलं. समोरून एक आप्पा सायकलवर येत होते, हँडलला दुधाचा कॅन, सायकलला दिवा नाही. पन्नासेक वर्षं त्याच रस्त्यावर काढलेली, त्यांना चांदण्यातही रस्ता कळतो. माझा झोत त्यांच्या डोळ्यांत गेला. ते थोडे डावीकडे झाले आणि डांबराची कड सोडून खाली गेले. आमच्याकडे डांबर आणि साईडपट्टी यांत वीतभर तरी फरक असतो. मी पोहोचलो तेव्हा दूध मातीत मुरत होतं आणि आप्पा मनगट धरून बसले होते.

"मास्तर, आंधळंच केलं की ओ," एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. पाच आठवडे प्लास्टर. दुधाचे पैसे त्यांनी घेतले, प्लास्टरचे घेतले नाहीत. त्यांचा नातू आमच्याच शाळेत आठवीत आहे. ते पाच आठवडे म्हशीची धार तो काढायचा आणि रोज पहिल्या तासाला उशिरा यायचा. हजेरी घेताना त्याच्या नावाशी मी अडखळायचो. घरी अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "रस्ता क्या तेरे अकेले का है?"

त्या संध्याकाळी एक गोष्ट केली, जी खरं तर दिवा घेतला त्याच दिवशी करायला हवी होती. सायकल स्टँडवर लावली, दिवा चालू केला आणि वीस पावलं पुढे जाऊन वळून पाहिलं. सायकल दिसेना, मागची भिंत दिसेना, नुसता पांढरा गोळा. डोळे फिरवले तरी तो गोळा सोबत येत होता. माझी चाळिशी उलटली आहे, आप्पांची सत्तरी. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग गढुळतं आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा झोत डोळ्याच्या आत सगळीकडे पसरतो. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो आणि ती कमाई एका झोतात जाते.

दोष उजेडाच्या प्रमाणात नव्हता, आकारात होता, हे पुढे वाचून कळलं. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, आणि लक्स म्हणजे एखाद्या जागी प्रत्यक्ष किती पडतो ते. बॅटरीसारख्या दिव्याचा झोत गोल असतो. तो जेवढा खाली, तेवढाच वर जातो. मोटारीच्या डिप्परचा झोत मात्र वरून कापलेला असतो. जर्मनीत सायकलच्या दिव्यालाही तसाच नियम आहे. दहा मीटरवर झोताच्या मध्यभागी किमान 10 लक्स हवेत आणि वरच्या कडेच्या वर 2 लक्सपेक्षा जास्त नकोत. सायकलच्या दिव्याने लुकलुकायलाही तिथे मनाई आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106वा नियम सांगतो की, दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपता कामा नये. सायकलीला तो लागू नाही, पण दीड मीटरवर कोणाचे डोळे असतात? चालणाऱ्याचे, सायकलवाल्याचे. कागदावर ज्याचा विचार केलाय तो माणूस आमच्या रस्त्यावर दुधाचा कॅन घेऊन येतो.

आधी फुकटातला उपाय केला. लहानपणी ट्रकच्या हेडलाईटचा वरचा भाग काळा रंगवलेला पाहिला होता, म्हणून काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला काळी चिकटपट्टी लावली. उजेड निम्मा झाला, पण झोताचा आकार बदलला नाही. अशा दिव्यात काचेचा प्रत्येक भाग सगळीकडेच उजेड फेकत असतो. अब्बांच्या सायकलला डायनॅमो होता. टायरला घासून चालणारा, 6 व्होल्ट आणि 3 वॉटचा, चढावर पाय जड करणारा आणि थांबलं की विझणारा. त्या पिवळ्या उजेडात फार दिसायचं नाही, पण त्याने कुणाला पाडल्याचंही आठवत नाही.

मग वरून सपाट कापलेला झोत देणारा दिवा शोधला. त्यासाठी दुकानात अंधाऱ्या कोपऱ्यातल्या भिंतीवर प्रत्येक दिवा मारून पाहिला. दुकानदार वैतागला. मिळालेल्या दिव्याचा ल्युमेनचा आकडा जुन्याच्या निम्म्याहून कमी आहे आणि रस्ता जास्त दिसतो.

पण चांगला दिवाही वर तोंड करून बसवला तर तोच प्रकार. आमच्या शाळेच्या कंपाउंडला सायकल पाच मीटरवर उभी करून आम्ही खडूने खुणा केल्या. मी भाषेचा मास्तर, समरूप त्रिकोणाचं गणिताच्या सरांनी पाहिलं. दिवा जमिनीपासून 1 मीटरवर असेल आणि झोताचा मध्य भिंतीवर 50 सेंटिमीटरवर पडला, तर तो दहा मीटरवर जमिनीला टेकतो. ताशी 15 किलोमीटर वेगाने तेवढं अंतर अडीच सेकंदांच्या आत संपतं. मला ते थोडं वाटलं, म्हणून मध्य 67 सेंटिमीटरवर घेतला, म्हणजे पंधरा मीटर. झोताची वरची कड मात्र दिव्याच्या उंचीच्या खालीच ठेवली. मुलं आपापल्या सायकली घेऊन रांगेत उभी राहिली. निम्म्यांच्या सायकलला दिवाच नव्हता. त्यांना मागच्या मडगार्डला लावायला रेडियम दिलं.

हदीसमध्ये रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांना रस्त्याचे हक्क सांगितले आहेत. नजर खाली ठेवणं, कुणाला त्रास न देणं, सलामला उत्तर देणं. मदरशात हे पाठ केलं तेव्हा नजर म्हणजे माणसाची, एवढंच डोक्यात होतं. आता हँडलवरचा स्क्रू आवळताना ते आठवतं. तरी झोत कितीही नीट असला तरी खड्ड्यात चाक गेलं की तो वर उसळतोच. म्हणून समोरून पायी अक्कलकोटला निघालेले लोक दिसले की मी दिव्यावर क्षणभर तळहात धरतो. सायकलला डिप्पर नाही, हात आहे.

ट्रॉल्यांचं म्हणाल तर अजून तसंच आहे. कुणी थांबलेला दिसला की मी बोलतो. ड्रायव्हर हो म्हणतो आणि गाणं मोठं करतो.

आप्पांनाही मी एक साधा पुढचा दिवा आणि एक मागचा लाल दिवा नेऊन दिला. पुढचा परत केला. "मला कशाला, तुमचा हाय की," म्हणाले. लाल मात्र ठेवून घेतला आणि नातवाने तो सीटखाली बसवला. गेल्या शनिवारी ते समोरून आले. मी हात दिव्यावर धरला, त्यांनी घंटी वाजवली. पुढे गेल्यावर वळून पाहिलं तर लाल दिवा बंद. दुसऱ्या दिवशी नातवाला विचारलं, तर म्हणतो, "आज्जा म्हणतो, सेल संपल की सर."