बेत आणि बांधणी

मराठीत 'बेत' या शब्दाला दोन घरे आहेत. एक मनातल्या योजनेचे, दुसरे शिंप्याच्या दुकानातले. कापडाला कात्री लावण्यापूर्वी शिंपी खडूने माप आखून घेतो, त्याला कापड बेतणे म्हणतात. खडूची रेघ झटकता येते, कात्रीची येत नाही. त्या कलेचा निम्मा शहाणपणा एवढ्यात आला. आम्ही दोघे चुलतभाऊ गेली काही वर्षे आर्वीत, नोकऱ्या सांभाळून, संध्याकाळच्या वेळी एक छोटा व्हिडिओ गेम रचीत आहोत. त्याची प्रत्येक लेव्हल आधी गणिताच्या चौकटीच्या वहीत जन्म घेते आणि मगच संगणकावर चढते. बेकेटच्या नाटकावरून नाव ठेवलेले 'गोडो' हे इंजिन फुकट मिळते, माउसने ठोकळे उचलून हवे तिथे ठेवता येतात, लगेच खेळूनही पाहता येते. मग हा कागदाचा सोस कशाला, असे आम्हांला विचारले जाते. प्रश्न रास्त आहे.

रिवाज आमचा नव्हे. १९८५ साली बाजारात आलेल्या निन्टेन्डोच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या लेव्हल शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी आलेख-कागदावर हाताने आखल्या होत्या. बदल सुचला की मूळ पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा करायच्या आणि पान प्रोग्रॅमरांच्या हवाली करायचे. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसवायचा होता. त्यातला ढग आणि त्यातले झुडूप ही एकच आकृती आहे, रंग तेवढा निराळा, इतकी काटकसर. अशा ठिकाणी आधी आखून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आमच्याकडे हा नाइलाज वेगळ्या वाटेने आला. २००५च्या आसपास विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत भारनियमन तासन्‌तास चाले. वीज गेली की टीव्हीला जोडलेला गेम आणि त्याची कॅसेट मुकी होई. वही मात्र कंदिलाच्या उजेडात चाले. जी लेव्हल अर्धवट राहिली तिचा पुढचा भाग आम्हीच कल्पनेने काढू लागलो. आता घरात इन्व्हर्टर आहे, लॅपटॉप आहे. नुसती जुनी सवय उरली असती तर तिच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते.

आमची रीत साधी आहे. जुन्या निन्टेन्डोच्या पडद्यावर १६ बिंदूंचा एक ठोकळा धरला तर आडवे १६ आणि उभे १५ ठोकळे मावतात. तेच माप आम्ही पाळतो. वहीची पाने एकमेकांना चिकटवून लांब पट्टी करतो आणि पुठ्ठ्यात तेवढ्याच चौकोनांची खिडकी कापून ती पट्टीवरून डावीकडून उजवीकडे सरकवतो. दुसरा पुठ्ठा उडीचा. आमचा गडी उभ्याने चार चौकोन उंच उडतो, धावत आला तर सहा चौकोनांची दरी ओलांडतो; त्या उडीची कमान कापून ठेवली आहे, ती प्रत्येक दरीवर ठेवून पाहायची.

यांत खिडकी महत्त्वाची. आपल्याकडच्या मोक्षपटात साप कुठे, शिडी कुठे, हे खेळणाऱ्याला पहिल्या दानापासून दिसत असते. अज्ञात असते ते फक्त दान. व्हिडिओ गेममध्ये नेमके उलटे. दान आपल्या बोटांत असते, पट मात्र झाकलेला. आखणाऱ्याला सगळी वाट एकदम दिसते, चालणाऱ्याला पुढची दोन पावले. आखणाऱ्याने स्वतःचे हे सर्वज्ञपण विसरले नाही, तर तो असे खड्डे खणतो की जे त्याला गमतीचे वाटतात आणि खेळणाऱ्याला अन्यायाचे. पुठ्ठ्याची खिडकी आम्हांला पुन्हा अज्ञानी करते.

कागदाच्या मर्यादाही आहेत. त्याला वेळ ठाऊक नाही. फिरती फळी किती वेगाने यावी, शत्रूने वळून किती क्षणांनी परतावे, हे पेन्सिल सांगू शकत नाही. आणि दुसरी मर्यादा अधिक घातक: कागदावर बेत कधीच फसत नाहीत, म्हणून माणूस बेतच करीत राहतो.

ही दुसरी मर्यादा सध्या आमच्यातल्या वादाचे मूळ आहे. एक लेव्हल आम्ही पुलगाव–आर्वी या नॅरोगेज रेल्वेवर बेतली. सुमारे ३५ किलोमीटरची ही वाट ब्रिटिश अमदानीत इथल्या कापसासाठी घातली गेली. ती छोटी गाडी केव्हाच बंद पडली. एकाच रुळावरून एकाच दिशेने जाणारी गाडी म्हणजे आयती लेव्हल. पुलगावाहून निघायचे, विरूळ, रोहणा मागे टाकायचे, आर्वीला पोचायचे. गडी डब्यांच्या टपांवरून धावतो.

पट्टी जमिनीवर पसरलेली असताना आमचे आबाजी येऊन बसले. वय नव्वदीकडे झुकलेले. पडद्याच्या लखलखाटाने डोळ्यांतून पाणी येते, म्हणून आमचा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. कागदावर मात्र त्यांनी पुलगावापासून बोट ठेवले आणि हळूहळू सरकवू लागले. अर्ध्यावर बोट थांबले.

"तुमची गाडी पाणी कुठी पेते बे?"

"आबाजी, खेळात गाडीला पाणी कशाला?"

"मंग सारखी पयतच राह्यते का? इंजन पाणी प्याले थांबे, तवा आम्ही उतरून चहा पेवो."

त्यांचे म्हणणे खरे होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आम्ही संकटामागून संकट रचले होते. श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती. ट्रेसिंग पेपर ठेवून मधोमध बारा चौकोनांची सपाट जागा काढली. एक पाण्याची टाकी, एक कडुनिंब, शत्रू एकही नाही. त्यामुळे पुढचा अवघड भाग अवघड वाटू लागला. आधी तो नुसताच लांब वाटे.

एवढी दुरुस्ती पडद्यावरही झाली असती, पण ती सुचवणारा माणूस पडद्यासमोर बसला नसता. खेळ न खेळणाऱ्यालाही कागद वाचता येतो आणि त्यात बोट घालता येते.

भावाचे म्हणणे, आता पुरे; दिवाळीपर्यंत ही लेव्हल बांधून झालीच पाहिजे, नाहीतर खेळ वहीतच राहील. ते पटते. मात्र बांधून झाली की ती आबाजींच्या हातून जाईल, हेही दिसते. त्यांच्यापुरता हा कागद कच्चा आराखडा नाही, तोच पुरा खेळ आहे. शेवटी ठरले ते असे: बांधणी आजपासून सुरू करायची आणि पट्टी मोडायची नाही. तिला मागून कापड लावून घेतले आहे. काल आबाजींनी रोहण्याच्या अलीकडे आणखी एक नाला सांगितला. तो आधी कागदावर आला. संगणकावर यायचा आहे.