कोयनेच्या टर्बाइनला, रहिमतपूरहून

प्रिय टर्बाइन,

आमच्या गावात मशिदीच्या आग्नेयेला एक जुना मनोरा उभा आहे, सुमारे पन्नास फूट उंच. पश्चिमेच्या अंगाला उतार. आदिलशाहीच्या काळात हत्तीच्या बळावर तिथे पाणी वर चढवायचे आणि त्या उंचीच्या दाबाने मशिदीचं कारंजं उडायचं. उंचावरच्या पाण्यात जोर असतो, हे या मातीला तुझ्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

तू जगतंस ते त्याच जोरावर. पोफळीला सह्याद्रीच्या पोटात कोयनेचं पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येतं, नळीतून सुसाट धार होऊन पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतं. चाकाबरोबर दांडा फिरतो, दांड्याबरोबर जनित्र. अलोऱ्याला उंची बरीच कमी, म्हणून तिथे फ्रान्सिस: पाणी चहूबाजूंनी आत शिरतं आणि पात्यांना रेटत मधून खाली निघून जातं.

तुझी काही भावंडं आमच्या जिल्ह्यात आहेत. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पाती संथ फिरतात, त्यांचा वेग गिअरबॉक्स वाढवतो. साखर कारखान्यात मोळी पडली की बगॅस म्हणजे उसाचं चिपाड जाळून बॉयलरमध्ये वाफ करतात. ती टर्बाइन फिरवते आणि दाब उतरल्यावर उसाचा रस आटवायला जाते. एकाच वाफेची दोन कामं! मला ही रचना फार आवडते.

पात्याला पाणी ढकलतंय, वारा की वाफ, याने विजेत फरक पडत नाही. आम्हाला पडतो. वारा पात्यांतून निघून गेला तरी कुणाचं शेत कोरडं राहत नाही. पोफळीला उतरलेलं पाणी मात्र वाशिष्ठीतून अरबी समुद्राकडे जातं, कृष्णेच्या खोऱ्यात परत येत नाही. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी सोडावं तेव्हा साधारण एक युनिट वीज हाती येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली, ती उगाच नाही. आणि कोयनेच्या धरणासाठी घरदार सोडून उठलेल्या माणसांच्या पुढच्या पिढ्याही हक्काच्या जमिनीसाठी झगडत राहिल्या.

आमच्या पूर्वेला खटाव आणि माण. तिकडे पाणी न्यायचं तर आधी वर चढवावं लागतं. जिहे-कठापूर योजना पावसाळ्यात कृष्णेचं पाणी उचलून डोंगरापलीकडे देते. त्या पंपांना वीज लागते, आणि विजेची थकबाकी वाढली की उपसा योजना कशी थांबते, ते सांगलीकडच्या म्हैसाळ योजनेने दाखवलंय.

म्हणून माझं मागणं असं. जून ते ऑगस्ट पठारावर वारा जोरात असतो, कृष्णाही तेव्हाच भरून वाहते. त्या दिवसांत पंप आधी वाऱ्याच्या विजेवर चालावेत. हिवाळ्यात कारखान्यांची वीज ग्रीडला मिळतेच. तू संध्याकाळी फिर, एकदम मागणी चढते तेव्हा. कोळशाच्या थंड बॉयलरला तयार व्हायला तास लागतात, तू काही मिनिटांत उभं राहतंस. ते बळ वाटेल तेव्हा उधळायचं नसतं. आणि तुझ्या विजेच्या कमाईतला एक ठरलेला वाटा कायद्याने धरणग्रस्तांच्या जमिनींना आणि उपसा योजनांच्या वीजबिलाला जावा.

तुझा,
एक रहिमतपूरकर