फटफटी, पेंग्विन आणि मी

मेलबर्नला लेकीकडे निघाले तेव्हा तिनं फोनवर एकच गोष्ट मागितली. लोणचं नाही, मेतकूट नाही. म्हणाली, "आई, एक जाड लोकरी शाल आण. तुझ्यासाठीच. आपण दोन दिवस समुद्रावर जाणार आहोत."

समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? वाळू, शहाळी, फार तर अलिबागची घोडागाडी. शालीचं काय काम, ते काही कळेना. पण आणली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी भल्या पहाटे उठून बाहेर येते, तो जावईबापू मोटारीच्या मागे एक छोटा गाडा जोडत होते. आणि त्या गाड्यावर पट्ट्यांनी आवळून बांधलेली एक निळी फटफटी!

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी," लेक म्हणाली. "आई, रागावू नकोस. फिलिप आयलंडचा ट्रॅक आहे. माझं किती वर्षांचं स्वप्न आहे ते. चार वर्षं पैसे साठवतेय मी."

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. १९८१ साली माझा धाकटा भाऊ कात्रजच्या घाटात मोटरसायकलवरून गेला. बावीस वर्षांचा होता. डोक्यावर हेल्मेट नाही, समोरून ट्रक. त्या दिवसापासून आमच्या माहेरी फटफटीचं नाव काढायची सोय उरली नाही. मी पुढे लूना चालवली, लेकीला पुढ्यात उभी करून शाळेत सोडलं. पण लूना ती लूना, तिचा कसला आलाय वेग! लेकीला मामा फक्त भिंतीवरच्या फोटोत माहीत. तरीही सगळं माहीत. म्हणूनच तर तिनं मला आधी सांगितलं नव्हतं.

मी गाडीत बसले खरी, पण सॅन रेमोचा पूल येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. मेलबर्नपासून हे अंतर साधारण एकशे चाळीस किलोमीटर, दोन तासांचा रस्ता. पूल ओलांडला की फिलिप बेट. हिरवीगार कुरणं, त्यात चरणाऱ्या गाई, आणि कुरणांच्या टोकाला एकदम निळाभोर समुद्र. बेट इतकं शांत, की इथे कुणी शर्यती लावत असेल असं सांगूनही पटू नये.

पण इथला शर्यतीचा इतिहास जुना आहे, बरं का! १९२८ साली या बेटावरच्या मातीच्या रस्त्यांवर मोटारींची शंभर मैलांची शर्यत झाली. ऑस्ट्रेलियाची पहिली ग्रां प्री म्हणून तीच ओळखली जाते. शर्यतींसाठी खास बांधलेला ट्रॅक १९५६ साली सुरू झाला. १९८९ साली मोटरसायकलींची जागतिक ग्रां प्री इथे आली, आणि ती जिंकली ऑस्ट्रेलियाच्याच वेन गार्डनरनं. पुढे केसी स्टोनर या स्वारानं २००७ ते २०१२ अशी सलग सहा वर्षं इथे बाजी मारली. तिसऱ्या वळणाला त्याचंच नाव दिलं आहे. ही सगळी माहिती जावईबापूंनी मला वाटेत दिली. बिचारे माझा राग घालवायचा प्रयत्न करत होते!

ट्रॅक ४.४४५ किलोमीटरचा, बारा वळणांचा. एका वळणाचं नाव सायबेरिया. समुद्रावरचा वारा तिथे असा बोचतो, की नावाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. शाल कशासाठी, ते मला तिथे कळलं.

मला वाटलं होतं, दांडगट पोरांचा धुडगूस असेल. पण तिथली शिस्त पाहून मी थक्क झाले. ही शर्यत नव्हतीच. हौशी लोकांनी पैसे भरून मोठ्या ट्रॅकवर गाडी चालवायची, असा तो कार्यक्रम. आधी प्रत्येक गाडीची तपासणी. आरसे काढायचे किंवा झाकायचे, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे कुणी पडलंच तर काचा पसरायला नकोत. मग सगळ्यांना बसवून सूचना. पिवळं निशाण म्हणजे पुढे धोका, लाल निशाण म्हणजे सगळ्यांनी हळूहळू परत यायचं. वेगाप्रमाणे तीन गट, आणि एकेका गटाला पंधरा-वीस मिनिटांची पाळी. लेकीच्या शेजारी एक नर्स होती, एक नळदुरुस्तीवाला, आणि पासष्टीचे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या गाडीला त्यांची बायकोच हवा भरत होती!

लेकीनं चामड्याचा पोशाख चढवला. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, गुडघ्याकोपरांना कठीण गाद्या, पाठीला कासवासारखी ढाल. म्हणाली, "आई, इथे सगळे एकाच दिशेनं जातात. समोरून ट्रक येत नाही. वळणाच्या बाहेर पडलं तर मोकळं गवत आहे, रुग्णवाहिका उभी आहे. पुण्यात तू लक्ष्मी रोडवर लूना चालवायचीस ना, ते याहून धोक्याचं होतं."

तिचं म्हणणं बुद्धीला पटत होतं. पोटातला गोळा मात्र जागचा हलत नव्हता.

पहिल्या दोन पाळ्या नीट झाल्या. सरळ पट्ट्यावरून ती ताशी दोनशेच्या वर वेगानं समोरून जायची, म्हणजे दिसायचीच नाही, नुसता आवाज. मी तर डोळेच मिटून घ्यायची. तिसऱ्या पाळीत लाल निशाण फडकलं. एकेक करत सगळ्या गाड्या आत आल्या. निळी आली नाही.

मास्तरांच्या बायकोनं काही न बोलता माझा हात धरला. पाच मिनिटं असतील की दहा, देव जाणे. १९८१ साली ओट्याशी उभी असताना दार वाजलं होतं, तो आवाज मला ऐकू येत होता. मग एक गाडी सावकाश आली. मागे आडवी ठेवलेली फटफटी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेली माझी लेक. हेल्मेट मांडीवर. रडवेली, पण धड!

डॉक्टरांनी तपासलं. मनगट मुरगळलेलं नाही, हाडं शाबूत, कोपराजवळचं चामडं घासलेलं. चामडं पोशाखाचं, बरं का, तिचं नाही. झालं होतं ते असं. या ट्रॅकवर डावी वळणं सात आणि उजवी पाचच. लांबलचक डाव्या वळणांवर टायरची डावी बाजू तापते, पण उजवी तेवढ्यात गार होते. थंड वाऱ्यात तर जास्तच. तिसऱ्या वळणावरून भरधाव येऊन चौथ्याला एकदम उजवीकडे झुकायचं असतं. ती घाईनं झुकली, गार टायर सटकला. तव्याची एक बाजू तापलेली आणि दुसरी गार असेल तर पोळीचं काय होतं, ते तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी ती म्हणाली, "जावईबापूंनी तुझ्या, गाडीचा दांडा बदललाय. उद्या चालेल. पण आई, तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार." मी काहीच बोलले नाही.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला समरलँड किनारा आहे. सूर्य मावळला की पेंग्विन समुद्रातून घरी येतात, ते बघायला लोक पायऱ्यांवर बसतात. आम्हीही शाली गुंडाळून बसलो. हे पेंग्विन जगातले सर्वांत लहान, जेमतेम वीतभर-दीड वीत उंच, वजन किलोभर. दिवसभर मासे पकडायचे आणि अंधार पडला की बिळातल्या पिल्लांना भरवायला परतायचं. आईबाप दोघंही हे काम करतात, बरं का! पण मधली वाळू उघडी. फेसात एक घोळका उभा राहतो, चार पावलं पुढे येतो, घाबरून पुन्हा पाण्यात. पुन्हा येतो, पुन्हा पाण्यात. आणि मग एकदम सगळे मिळून तुरुतुरु वाळू पार करतात.

तिथेच कळलं, की समुद्रात तेल सांडलं की या पक्ष्यांना लोकरीचे छोटे स्वेटर घालतात, म्हणजे चोचीनं पिसं साफ करताना विषारी तेल पोटात जात नाही. हे स्वेटर बायका घरी बसून विणून पाठवतात. आणि किनाऱ्याजवळ पूर्वी घरं होती, तीही सरकारनं १९८५ पासून एकेक करून विकत घेतली आणि ती जागा पेंग्विनांना मोकळी करून दिली. त्यांची काळजी घ्यायला एवढी माणसं. पण रोज समुद्रात जाऊ नका, असं त्यांना कुणी सांगत नाही.

परतताना गाडीत मी लेकीला म्हटलं, "उद्या पहिली फेरी सावकाश घे. उजवी बाजू तापू दे."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. अंधारात तिचा चेहरा दिसला नाही, पण हात माझ्या शालीवर आला.

रविवारी ऊन पडलं, वारा जरा निवला. तिच्या सहाही पाळ्या नीट पार पडल्या. जागतिक स्वार दीड मिनिटाच्या आत फेरी मारतात म्हणे. हिला दोन मिनिटं आणि सहा सेकंद लागले, तरी चेहरा असा, की जणू विश्वविजेतीच! मी डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या मास्तरांना आणि नर्सबाईंना दिल्या. मास्तरीणबाईंनी कृती लिहून घेतली.

कुणी तिकडे जाणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. उन्हाळ्यातही गरम कपडे हवेतच; एका दिवसात चारी ऋतू दिसतात. आणि पेंग्विनांचे फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा कॅमेरा आत ठेवून नुसतं बघा.

रात्री पुण्याहून ह्यांचा फोन आला. "समुद्र कसा होता?"

"वाऱ्याचा," मी म्हटलं. "सविस्तर घरी आल्यावर सांगेन."

लेक शेजारीच होती. फोन ठेवल्यावर हळूच म्हणाली, "आई, तू खरंच पाहिलंस का मला?"

"काल नाही," मी म्हटलं. "काल डोळे मिटले होते. आज पाहिलं."