आवाज थांबल्यानंतर

यंत्राचा आवाज जिथून ऐकू येतो तिथेच दोष असतो, आणि आवाज थांबला की दोषही संपतो, अशी आपली साधारण समजूत असते. या दोन्ही समजुती किती फसव्या आहेत, हे मला एका जुन्या स्पोर्ट्स कारने शिकवले.

२०१४च्या उन्हाळ्यात मी तीन महिने इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीजवळच्या एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून होतो. तेथे एक निवृत्त शिक्षक राहत. पत्नी निवर्तलेली, घरात एकटेच. सोबतीला १९७५ सालची ट्रायम्फ स्पिटफायर. दोन आसनांची ही उघडी गाडी १९६२ ते १९८० या काळात कॉव्हेंट्रीच्याच कॅनली कारखान्यात तयार होत असे. शनिवारी नातीचे लग्न होते आणि तिला याच गाडीतून चर्चमध्ये न्यायचे, असा शब्द त्यांनी पत्नीला दिला होता. परंतु खाचखळग्यांतून जाताना गाडीच्या पुढच्या भागातून ‘ठक् ठक्’ असा आवाज येई. मला यंत्रांची आवड आहे असे कळताच त्यांनी बोलावणे धाडले.

स्पिटफायरचे बॉनेट चाकांवरच्या पत्र्यासकट पुढे कलंडते. चाकावर बसून आतले सारे सांधे न्याहाळता येतात. गाडी उचलून आम्ही खाली भक्कम स्टँड लावले. चाक वर आणि खाली धरून हलवले. अशा वेळी प्ले आढळला तर ब्रेक दाबून पुन्हा हलवावे. तो नाहीसा झाला तर बेअरिंग सैल, कायम राहिला तर सांधा झिजलेला. येथे तसे काही आढळले नाही. मग चाके जमिनीवर टेकवून मी त्यांना स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे फिरवायला सांगितले आणि एकेका जोडावर हात ठेवत गेलो. डोळ्यांना जे दिसले नव्हते ते तळव्याला कळले. स्टिअरिंगची रॅक चासीला धरून ठेवणारी रबरे तेलाने फुगून मऊ झाली होती आणि अख्खी रॅकच बाजूला सरकत होती. आवाज डाव्या चाकातून येतो असे आम्हा दोघांनाही वाटत होते. पण लोखंडी चासी आवाज कुठल्या कुठे वाहून नेते.

दुसऱ्या दिवशी नवी रबरे बसवली. आवाज थांबला. चहा पिताना ते सहज म्हणाले, “फादर, स्टिअरिंग हल्ली जड लागते. पण ते माझे खांदे. वय झाले.” मी हसून मान डोलावली.

रात्री झोप येईना. वसईला माझ्या मामांकडे जुनी स्टँडर्ड हेरल्ड होती. मद्रासला बनलेली ती गाडी म्हणजे मूळची ट्रायम्फ हेरल्ड, आणि स्पिटफायरचे पुढचे सस्पेन्शन त्याच हेरल्डवरून घेतलेले. मामांचे मिस्त्री मला सांगत, “बाळा, हिच्या पायाला ग्रीस नको, तेल लागतं.” चाक धरणारा पोलादी खांब खालच्या टोकाला ट्रनियन नावाच्या पितळी भागात आट्यांनी बसवलेला असतो. स्टिअरिंग वळले की खांब त्या आट्यांत फिरतो. तेथे गिअर ऑइलच घालावे, अशी कारखान्याचीच सूचना होती. घट्ट ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. पाणी शिरते, पोलाद गंजते. ही गाडी अवघ्या २४ फुटांच्या वर्तुळात वळते, इतकी तिची चाके फिरतात. अशाच एखाद्या पुरत्या वळणावर गंजलेला खांब मोडतो आणि चाक आडवे होते. त्याआधी तो बहुधा आवाज करीत नाही. स्टिअरिंग तेवढे जड होत जाते.

पहाटेची मिस्सा आटोपून मी तडक त्यांच्याकडे गेलो. उजवा ट्रनियन उघडला. वर वाळून घट्ट झालेले ग्रीस, खाली तांबूस पाणी. खांबाच्या आट्यांना गंजाने खड्डे पाडले होते. शिक्षक कितीतरी वेळ त्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “ती माझ्या शेजारी बसणार होती.”

शनिवारी नात भाड्याच्या गाडीतून चर्चमध्ये आली. पत्नीला दिलेला शब्द मोडल्याचे दुःख आजोबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. पुढे दोन्ही बाजूंचे खांब आणि ट्रनियन नवे बसवले, तेल घातले. मी निघण्याच्या आठवड्यात त्यांनी नातीला शेजारी बसवून गावाला एक फेरी मारली. स्टिअरिंग एका बोटाने फिरते आहे, हे मला दाखवण्यासाठी त्यांनी दारातच गाडी दोनदा वळवली. खांद्यांना काहीच झाले नव्हते.

त्या गाडीने आपले दुखणे सांगितले होते. ते फक्त आवाजात नव्हते. ते ज्याच्या हातांना कळले त्याने दोष स्वतःच्या वयावर घेतला, आणि मी, ऐकणे हेच ज्याचे काम, तो आवाज थांबला म्हणून निश्चिंत झालो. मिस्त्रींचे ते वाक्य रात्री आठवले नसते तर?

आता कुणी “विशेष काही नाही फादर, वय झाले” असे म्हणाले, की मी हातातला चहाचा कप खाली ठेवतो.