सौम्य म्हणजे निर्विष नव्हे

हरणटोळ, मांजऱ्या हे साप 'निमविषारी' म्हणतांच घरांतील मुलें आम्हांस विचारतात, "मग ते पाळायला काय हरकत?" उभा जन्म आम्ही व्याकरण शिकविलें, विशेषणानें विशेष्य नाहींसें होत नाहीं, हेंच आमचें उत्तर. अशा सापांचे विषदंत जबड्यांत मागें असतात, म्हणून त्यांचा दंश बहुधा सुजेवर निभावतो. परंतु सारेच सारखे नव्हेत. फ्रँकफुर्टचे सर्पशास्त्रज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स यांस त्यांच्याच पाळीव, मागील विषदंतांच्या आफ्रिकी सापानें दंश केला. १८ दिवसांनीं, १९७५ सालीं, ते वारले. त्या विषावर प्रतिविष अद्यापि नाहीं. विषाची सौम्यता नांवावरून नव्हे, परिणामावरून ठरते. आणि परिणाम कळतो तो दंशानंतर!